व्यायामशाळेतील इंजेक्शने आणि डॉक्टरांपासून लपवलेली माहिती

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे व्यायामशाळेत घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉईडच्या इंजेक्शनांविषयी आणि गोळ्यांविषयी बरीच पत्रे आली. बहुतेकांनी दुष्परिणामांची चौकशी केली आहे. पण पत्रे नीट वाचल्यावर असे दिसते की, यांपैकी जवळजवळ कोणीही ही गोष्ट स्वतःवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेली नाही. म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. येथे स्टेरॉईड म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि त्याच्यासारखी, स्नायू वाढवण्यासाठी वापरली जाणारी कृत्रिम औषधे. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या विकारांसाठी दिली जाणारी प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही औषधेही स्टेरॉईडच म्हणवली जातात. पण त्यांचे काम, धोके आणि ती बंद करण्याची पद्धत सर्वस्वी निराळी आहे. त्यामुळे दवाखान्यात नुसते ‘स्टेरॉईड घेतले होते’ एवढेच सांगितले, तर डॉक्टरांचा विचार भलत्याच दिशेला जाऊ शकतो. औषधाचे नाव सांगणे हाच त्यावरचा उपाय.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. ट्रेनरच्या सांगण्यावरून दीड वर्षापासून टेस्टोस्टेरॉन आणि डेकाची इंजेक्शने व मधूनमधून डायनाच्या गोळ्या घेत आलो आहे. नुकतीच रक्ततपासणी केली, तेव्हा एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीतील दोन एन्झाइम वाढलेली आली. आमचे डॉक्टर वडिलांचे जुने स्नेही आहेत. त्यांनी ‘दारू घेतोस का?’ असे विचारले. मी नाही म्हणालो आणि ते खरेच आहे. बाकीचे मात्र बोललो नाही. रक्त तपासल्यावर डॉक्टरांना हे आपोआप कळत असेल ना? आणि मी सांगितले, तर ते वडिलांच्या कानावर घालतील का?

उत्तर : आपोआप कळत नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत नँड्रोलोन किंवा मेथँडियनोन, म्हणजे तुमच्या भाषेत डेका आणि डायना, शोधले जात नाहीत. खेळाडूंच्या लघवीतील अशी द्रव्ये शोधण्यासाठी दिल्लीत राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळा आहे. तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती सोय नसते. तुमच्या डॉक्टरांकडे या बाबतीत एकच पुरावा असू शकतो आणि तो म्हणजे तुमचे बोलणे. ते मिळाले नाही, तर हाती आलेल्या आकड्यांवरून त्यांना जो तर्क करता येईल, तो ते करतील, आणि तो प्रामाणिकपणे केलेला असूनही चुकीचा ठरेल.

तुमच्याच रिपोर्टचे उदाहरण घेऊ. एसजीओटी आणि एसजीपीटी यकृतात असतात, तशी ती स्नायूंतही असतात, म्हणून जड वजने उचलल्यानंतर सात दिवसांपर्यंतही ती वाढलेली सापडू शकतात. दुसरीकडे, डायना, स्टॅनोझोलॉल यांसारख्या तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉईडच्या रेणूत असा बदल केलेला असतो की यकृताला ते सहज मोडता येऊ नयेत, आणि त्याच कारणाने त्या गोळ्या यकृताला खरोखर इजा करू शकतात : पित्ताचा प्रवाह अडतो, कावीळ होते, अंगाला असह्य खाज सुटते आणि क्वचित यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या किंवा गाठीही होतात. म्हणजे तुमचे वाढलेले आकडे नुसत्या व्यायामाचे असतील, गोळ्यांचे असतील किंवा हिपॅटायटिसचेही असतील. यांतील फरक ओळखता येतो. त्यासाठी आठवडाभर व्यायाम बंद ठेवून पुन्हा तपासणी करावी लागते आणि जोडीला सीपीके (स्नायूंतील एन्झाइम), जीजीटी (यकृतातील एन्झाइम) व बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) पाहावे लागते. स्नायूंमुळे सीपीके वाढते, जीजीटी वाढत नाही. पण हा विचार डॉक्टरांच्या मनात यायला त्यांना व्यायाम आणि औषध या दोन्ही गोष्टी ठाऊक असायला हव्यात. त्या ठाऊक नसतील तर ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून तेलकट बंद करायला सांगितले जाईल, किंवा घरचे लोक तुम्हाला कावीळ उतरवणाऱ्याकडे झाडपाल्याचे औषध घ्यायला नेतील, आणि डायनाची गोळी मात्र रोज पोटात जात राहील.

यकृताखेरीजही हेच घडते. मूत्रपिंडाच्या तपासणीत पाहिले जाणारे क्रिएटिनीन स्नायू जास्त असल्याने आणि क्रिएटिनच्या पावडरीमुळे वाढलेले असू शकते; माहिती नसलेला डॉक्टर निरोगी मूत्रपिंडाला आजारी ठरवील किंवा, त्याहून वाईट म्हणजे, ‘बॉडीमुळे असेल’ असे म्हणून खऱ्या आजाराकडे दुर्लक्ष करील. केवळ डेका किंवा स्टॅनोझोलॉल घेणाऱ्याच्या रक्तात स्वतःचे टेस्टोस्टेरॉन आणि त्याला चालना देणारे एलएच हे दोन्ही तळाला गेलेले दिसतात. हे चित्र मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीच्या विकारासारखे असल्याने एमआरआय सांगितला जातो आणि घरात नसता घोर लागतो. चेहऱ्यावर व पाठीवर आलेल्या मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइन देतात. ते औषधही यकृतावर आणि रक्तातील चरबीवर परिणाम करते, म्हणून त्याबरोबर डायना चालू असणे त्यांना ठाऊक असलेच पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे छातीत दुखण्याचे. पंचविशीतला धडधाकट तरुण छाती धरून आला, तर मनात प्रथम स्नायूचे दुखणे किंवा पित्त येते. स्टेरॉईडमुळे एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल काही आठवड्यांत घसरते, रक्तदाब वाढतो, हृदयाची भिंत जाड होते, रक्त दाट होते. हे माहीत असलेला डॉक्टर त्याच क्षणी ईसीजी काढतो आणि ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे द्रव्य, तपासतो. अशा वेळी ‘मी इंजेक्शने घेतो’ हे तीन शब्द जीव वाचवू शकतात.

आता वडिलांविषयी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचरणविषयक नियमांनुसार उपचार करताना कळलेली रुग्णाची गुपिते डॉक्टरांना उघड करता येत नाहीत. न्यायालयाचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि शासनाला कळवणे बंधनकारक असलेले आजार एवढेच त्याला अपवाद. सज्ञान रुग्णाने स्वतःच्या शरीरात काय टोचून घेतले, हे यांपैकी कशातही बसत नाही. मात्र नियम एकीकडे आणि गावातले संबंध दुसरीकडे, हेही मी जाणतो. छोट्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत पुढचा रुग्ण आधीच स्टुलावर येऊन बसलेला असतो आणि कंपाउंडर पडद्याआड उभा असतो. म्हणून गर्दी नसलेली वेळ मागून घ्या आणि आत गेल्यावर प्रथम एवढेच म्हणा : ‘काका, मला एकट्यात बोलायचे आहे आणि हे आपल्या दोघांतच राहावे अशी माझी विनंती आहे.’ तरीही मन धजत नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी अनोळखी फिजिशियनकडे जा. गुपित सांगण्यासाठी डॉक्टर बदलणे मला पूर्णपणे मान्य आहे. एकाच डॉक्टरकडे जाऊन ते लपवणे मान्य नाही.

प्रश्न : लग्नाला तीन वर्षे झाली. मूल होत नाही. पत्नीच्या सर्व तपासण्या झाल्या असून आता तिला दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली आहे. माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणू जवळजवळ नाहीत असे आले. लग्नापूर्वी आणि नंतरही मी ‘सायकल’, म्हणजे ठरावीक काळ स्टेरॉईड घेण्याच्या फेऱ्या, केल्या आहेत. शेवटची चार महिन्यांपूर्वी संपली. वंध्यत्व केंद्रात आम्ही दोघे एकत्र जातो, त्यामुळे तिथे हे बोलता आले नाही. पत्नीला काहीही माहीत नाही. आता सांगून काही उपयोग आहे का? (पुणे)

उत्तर : उपयोग आहे, आणि पत्नीच्या शस्त्रक्रियेची तारीख येण्यापूर्वी सांगायला हवे.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदू वृषणांना संदेश देणे थांबवतो. एलएच आणि एफएसएच ही दोन्ही संप्रेरके खाली जातात, वृषणे आकसतात आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा बंद पडते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉन वापरता येईल का, याचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेने केला होता. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट दिले गेले आणि सहा महिन्यांच्या आत त्यांच्यातील निम्म्याहून अधिक जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. व्यायामशाळेतील ‘सायकल’मध्ये याच्या कितीतरी पट मात्रा घेतली जाते, हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक असेल.

त्याच अभ्यासातील दिलासा देणारी गोष्ट अशी की औषध थांबवल्यावर शुक्राणू परत आले. एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तुमचा चार महिन्यांनंतरचा रिपोर्ट हा अंतिम निकाल मुळीच नाही. बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात सुधारणा होते. दीर्घकाळ आणि अनेक औषधे एकत्र घेतलेल्यांना त्याहून जास्त वेळ लागतो आणि काहींची स्थिती पूर्ववत होत नाही. वृषणांचे काम पुन्हा सुरू व्हावे म्हणून एचसीजी, क्लोमिफीन यांसारखी औषधे तज्ज्ञ काही वेळा वापरतात. ती ट्रेनरकडून आणून स्वतः घेऊ नयेत, आणि आधीच घेतली असतील तर तीही सांगावीत, कारण त्यांच्यामुळे संप्रेरकांचे आकडे बदलतात.

न सांगण्याची किंमत काय आहे, तीही स्पष्ट लिहितो. ‘कारण न कळलेले’ शुक्राणूंचे वैगुण्य म्हणून तुम्हाला व्हेरिकोसीलची (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांची) शस्त्रक्रिया, वृषणातून सुईने शुक्राणू काढणे किंवा दात्याचे वीर्य सुचवले जाईल. थकवा आणि कमी टेस्टोस्टेरॉन पाहून एखादा डॉक्टर पुन्हा टेस्टोस्टेरॉनचेच इंजेक्शन देईल आणि उरलेसुरले शुक्राणूही जातील. आणि तुमच्या पत्नी मात्र संप्रेरकांची इंजेक्शने, भूल आणि शस्त्रक्रिया सोसत राहतील, सासर-माहेरचे प्रश्न ऐकत राहतील, तेही अशा कारणासाठी, जे त्यांच्या शरीरात नाही. हे मला अन्यायाचे वाटते आणि तुम्हालाही ते टोचत असणार, नाहीतर हे पत्र तुम्ही लिहिले नसते.

केंद्रात फोन करून पुरुषवंध्यत्व पाहणाऱ्या डॉक्टरांची स्वतंत्र वेळ घ्या. प्रत्येक ‘सायकल’ केव्हा सुरू झाली, केव्हा संपली, कोणती औषधे किती मात्रेत घेतली, हे आठवून कागदावर लिहून न्या. ते डॉक्टर तुमच्या संमतीशिवाय पत्नीला काही सांगणार नाहीत. पण जोडप्याच्या उपचारात एकाचा एवढा मोठा भाग झाकून पुढे जाणे त्यांनाही अवघड होईल, म्हणून घरी तुम्ही स्वतःच बोलणे योग्य. पहिल्यांदा हे ऐकताना पत्नी एकट्या नसाव्यात असे वाटत असेल, तर डॉक्टरांच्या समोर बसून बोला. बहुतेक केंद्रांत समुपदेशक असतात.

प्रश्न : पुढील आठवड्यात माझ्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया आहे. व्यायामापूर्वी मी कधी कधी मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन घेतो. स्टेरॉईड दोन महिन्यांपूर्वी बंद केले. हे भूलतज्ज्ञांना सांगणे गरजेचे आहे का? (नाशिक)

उत्तर : अत्यंत गरजेचे आहे, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळपर्यंत थांबू नका, आजच कळवा. मेफेन्टरमाइन हे स्टेरॉईड नव्हे. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी ते शस्त्रक्रियागृहात वापरले जाते. ते वारंवार घेणाऱ्याच्या शरीरातील नॉरअॅड्रेनॅलिन या रक्तदाब वाढवणाऱ्या द्रव्याचा साठा कमी झालेला असू शकतो. मग ऐन वेळी त्याच औषधाला रक्तदाब अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद देत नाही, आणि भूलतज्ज्ञाला ते आधी माहीत असेल तर दुसरे औषध हाताशी ठेवता येते. स्टेरॉईडमुळे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, वाढलेला असेल, तर पायाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही विचारात घ्यावा लागतो. उपचार म्हणून दिलेले टेस्टोस्टेरॉनसुद्धा हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास थांबवतात. गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन किंवा तत्सम गोळी सुरू होणार असेल, तर स्टेरॉईड तिचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकते, हेही लक्षात घ्या. शस्त्रक्रिया काही दिवस पुढे गेली, तर ती जाऊ द्यावी.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. सहा महिन्यांत त्याचे अंग एकदम भरले, पाठीवर मुरमे आली, छातीत गाठ झाल्यासारखे दुखते म्हणतो आणि बोलण्यात फार चिडचिड आली आहे. त्याच्या कपाटात मला सिरिंज सापडल्या. तो ‘प्रोटीन आहे’ म्हणतो. त्याच्या नकळत मी डॉक्टरांना सांगू का? (कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुम्ही डॉक्टरांना भेटून जे पाहिले ते सांगू शकता आणि सांगावेही. प्रोटीनची पावडर टोचून घेत नाहीत. तुम्ही लिहिलेली लक्षणे एकमेकांशी जुळतात : जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि त्यामुळे मुलांच्या स्तनाग्रामागे दुखरी गाठ येते. या वयात आणखी एक धोका असतो, जो मोठ्यांना नसतो. हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या स्टेरॉईडमुळे वेळेआधी बंद होतात आणि उंची तिथेच थांबते. मनगटाचा एक्स-रे काढून या पट्ट्या उघड्या आहेत का, हे पाहता येते.

मात्र तुमचे सांगणे ही फक्त सुरुवात होईल. मुलाला घेऊन जा, डॉक्टरांना नमस्कार करा आणि ‘मी बाहेर बसते, तुम्ही बोला’ असे म्हणून उठून या. सतराव्या वर्षी मुलगा आईसमोर हे कबूल करणार नाही. पण एखादा डॉक्टर न ओरडता विचारू लागला, तर दहा मिनिटांत सगळे सांगेल. तो वयाने अज्ञान असल्याने उपचारांच्या निर्णयात तुमचा सहभाग राहीलच, पण बारीकसारीक तपशील जाणून घेण्याचा आग्रह धरू नका. कपाटातील बाटल्या फेकू नका. मुलालाच त्या सोबत आणायला सांगा, कारण लेबलवरचे नाव आणि मात्रा हीच डॉक्टरांच्या कामाची माहिती असते, आणि काळ्या बाजारातील लेबलही नेहमी खरे नसते. सिरिंज किंवा बाटली मित्रांमध्ये मिळून वापरली का, हे डॉक्टरांनी विचारायलाच हवे. वापरली असेल, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तिन्ही तपासण्या कराव्या लागतील. आणि तालमीत किंवा जिममध्ये हे कोणी दिले, याची चौकशी दवाखान्यात नको. ती वेगळी बाब आहे. डॉक्टरची खोली पोलीस चौकी वाटली, तर मुलगा पुन्हा तिथे पाय ठेवणार नाही.

प्रश्न : मी धीर करून एका डॉक्टरांना सर्व सांगितले. त्यांनी सर्वांसमोर झापले आणि ‘आधी बंद कर, मग ये’ म्हणाले. मी बंद केले. आता दोन महिने झाले. झोप नाही, कशात रस नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही. पुन्हा सांगायची भीती वाटते. शिवाय हे केसपेपरवर लिहिले गेले, तर मेडिक्लेम मिळणार नाही असे मित्र म्हणतात. (ठाणे)

उत्तर : आधी तुमच्या मनाविषयी. दीर्घकाळ बाहेरून संप्रेरक घेणारे शरीर ते बंद होताच स्वतःचे टेस्टोस्टेरॉन लगेच बनवू लागत नाही. मधल्या काही महिन्यांत थकवा, कामेच्छा नसणे आणि खरेखुरे नैराश्य येते. हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही; या आजारावर उपचार आहेत. ‘जगण्यात अर्थ नाही’ हे वाक्य मी गांभीर्याने घेतो. जीव द्यावासा वाटत असेल, तर आजच घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयात जा किंवा केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. तेथेही स्टेरॉईडचा उल्लेख पहिल्या दोन वाक्यांतच करा. तसे न केल्यास तुम्हाला फक्त नैराश्याची गोळी मिळेल आणि संप्रेरकांकडे कोणी पाहणार नाही.

ज्या डॉक्टरांनी सर्वांसमोर झापले, त्यांचे वागणे चूक होते. माझ्या व्यवसायबंधूंना येथे सांगावेसे वाटते की, रुग्ण स्वतःहून हे सांगतो तेव्हा त्याने आपल्यावर फार मोठा विश्वास टाकलेला असतो आणि आवाज चढवल्याने औषध सुटत नाही, फक्त रुग्ण सुटतो. तुम्ही एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञाकडे जा. तिथे अशी सुरुवात करा : ‘मी इतकी वर्षे ही औषधे घेतली, अमुक तारखेला बंद केली. ती चूक होती की नव्हती यावर आज बोलायचे नाही. मला तपासणी आणि उपचार हवे आहेत.’ सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, हिमोग्राम, लिपिड (रक्तातील चरबी) आणि यकृताची तपासणी होईल, बहुधा इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही सांगितली जाईल. स्टेरॉईडबरोबर चरबी उतरवण्यासाठी घेतले जाणारे क्लेनब्युटेरॉल, थायरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन किंवा स्पर्धेपूर्वी पाणी कमी करणाऱ्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्याही सांगा. जिममध्ये यांना कोणी औषध समजत नाही, पण इन्सुलिनने साखर आणि पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम जीवघेण्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

विम्याची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. आरोग्यविम्याच्या पॉलिसींत मद्य, अमली पदार्थ व तत्सम द्रव्यांच्या दुरुपयोगावरील आणि त्याच्या परिणामांवरील उपचार हा ठरावीक अपवाद असतो, आणि दावा दाखल केल्यावर कंपनी केसपेपर मागते. तुमच्या बाबतीत कंपनी काय ठरवील, हे पॉलिसीचे शब्द आणि आजाराचे कारण यांवर अवलंबून राहील. पण खोट्या इतिहासावर घेतलेल्या उपचारांचा खर्चही शेवटी तुम्हीच भरणार आहात आणि त्यातून झालेली इजा कोणतीही कंपनी भरून देत नाही. नोंद कशी लिहिली जाणार आहे, हे डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. शिवाय २००२ च्या त्याच नियमांनुसार मागणी केल्यास वैद्यकीय नोंदींची प्रत ७२ तासांत द्यावी लागते, तेव्हा ती मागून घेऊन वाचा. ‘लिहू नका’ असा हट्ट मात्र धरू नका. रात्री अडीच वाजता अपघात विभागात तुमच्यासमोर उभा असलेला डॉक्टर तुम्हाला ओळखत नसेल, त्याच्या हाती तो कागदच असेल.